खेळातली युद्धं – भाग ६ : फाओ आणि ११७वी मराठा पलटण

मागच्या भागात ‘तिकिटां’चा हिशेब पाहिला. संघाला ठरावीक जीव मिळतात. गडी पडून पुन्हा उतरला की त्यातला एक खर्ची पडतो. आज तोच हिशेब खऱ्या रणभूमीवर लावून पाहू.

स्टॉकहोमच्या डाइस कंपनीचा, पहिल्या महायुद्धावरचा ‘बॅटलफिल्ड १’ ऑक्टोबर २०१६ मध्ये आला. एका सामन्यात ६४ जण. त्यातला ‘फाओ फोर्ट्रेस’ हा नकाशा म्हणजे वाळूतला किल्ला. आत ऑटोमन, बाहेरून चालून येणारे ब्रिटिश. रात्री लालबागच्या एखाद्या खोलीत हेडफोन लावून पोरं ‘बी वर ये, बी वर! मेडिक कुठाय?’ असं ओरडत हा किल्ला घेतात, तेव्हा ती ‘ब्रिटिश’ असतात. ती फौज खरं तर मुंबईहून गेली होती.

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी सहाव्या पुणे डिव्हिजनची १६वी ब्रिगेड मुंबई बंदरातून निघाली. गोरी पायदळ पलटण एकच, डोर्सेटची. बाकी २० पंजाबी, १०४ रायफल्स आणि ११७ मराठा. फाओ आजच्या इराकमध्ये शत्-अल-अरब नदीच्या मुखाशी, आणि त्याच पाण्यावर वर अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना. ब्रिटिशांना तिथे पाय रोवायचे होते ते या तेलासाठीही.

खेळात हल्लेखोरांची पहिली फळी संपली की मदतीला अजस्र ड्रेडनॉट येते. ६ नोव्हेंबरला खरोखर आली ती ‘ओडिन’, एक छोटी युद्धनौका. तिने किनाऱ्यावरच्या तोफा गप्प केल्या आणि फौज उतरली. २२ नोव्हेंबरला बसरा हाती आलं. पडद्यावर तट, बुरूज, इंच-इंच झुंज दिसते. प्रत्यक्षात फाओ फार सोपं गेलं. खेळवाल्यांनी चुरशीची जागा निवडली, यात गैर नाही. मला सलतं ते पुढचं.

हीच ११७वी पलटण वर्षभराने इराकमधल्याच कूत इथे ऑटोमन फौजेच्या वेढ्यात सापडली. सोबत १०३ आणि ११० मराठाही. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. घोडे कापून खायची पाळी आली. कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस तोंडात घातलं नाही, धर्म आड येत होता. सोडवायला आलेली फौज वेढा फोडू शकली नाही. इथे तिकिटं भरून मिळत नव्हती. शरण आलेल्यांची पुढे वाळवंटातून पायपीट झाली, त्यात असंख्य जण वाटेत आणि छावण्यांत मेले. नेमबाजीच्या खेळात भुकेला खूण नसते, वाट पाहण्याला गुण नसतात.

लालबागकरांनी हे जाणून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. गिरणगावात आलेले कामगार प्रामुख्याने रत्नागिरीचे, सातारा-कोल्हापूरचेही पुष्कळ. मराठा पलटणींची भरती याच मुलखातून. त्या काळी एक भाऊ साच्यावर आणि दुसरा पलटणीत असं असणं नवलाचं नव्हतं. दोघांच्याही मनीऑर्डरवर गावची चूल पेटायची. गणपतीला गावी जाल तेव्हा जुन्या दगडी पाट्या पाहा. काही गावांत १९१४–१९१९ च्या युद्धाला किती माणसं गेली आणि किती परतली नाहीत, ते कोरलेलं आहे.

११७व्या पलटणीला पुढे ‘रॉयल’ हा किताब मिळाला आणि १९२२ च्या फेररचनेत ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियन झाली. पुढच्या भागात खंदकांच्या ‘व्हर्डन’ या खेळाकडे वळू, जिथे सर्वांत आधी शिकावं लागतं ते न पळणं.