अनुभवाचा रकाना कोरा सोडू नका



आमच्या गटातली एक जण परवा रुग्ण सहायकाच्या कोर्सचा फॉर्म भरत होती. नाव, पत्ता, शिक्षण लिहून झालं. मग 'अनुभव' हा रकाना आला आणि तिनं लिहिलं, 'काही नाही'. आम्ही तिच्याकडं बघतच राहिलो. सासूला लकवा मारला तेव्हापासून म्हातारी जाईपर्यंत चार वर्षं हिनंच सगळं केलं होतं. आम्ही म्हटलं, "अगं, मग ते काय होतं?" ती म्हणाली, "ते घरचंच की. त्याला कोण अनुभव म्हणतंय?"

आज त्याबद्दलच बोलू या.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. घरच्या सेवेनं शिक्षणाची अट माफ होत नाही. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, त्याला बारावी लागते. तिथं तुम्ही सासूची सेवा किती वर्षं केली, यावर गुण मिळत नाहीत. पण रुग्ण सहायक, घरी जाऊन रुग्णांची देखभाल करणं, संस्थांची आरोग्य प्रशिक्षणं, अशा ठिकाणी बऱ्याचदा मुलाखत असते. आशाताईची निवड तर गावातूनच होते. तिथं ही बाई माणसाला सांभाळू शकते का, हे बघितलं जातं. तेव्हा हा अनुभव उपयोगी पडतो.

गावातल्या बायका हे काम शिकू शकतात, हे आपल्या महाराष्ट्रानं जगाला दाखवलं आहे. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. त्यांनी तयार केलेल्या गावच्या आरोग्यसेविकांपैकी कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. त्यामुळं बालमृत्यू कमी झाले, हे १९९९ मध्ये लॅन्सेट या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

मग लिहायचं कसं? 'सासूची सेवा केली' एवढ्यानं समोरच्याला काहीच कळत नाही. चार गोष्टी लिहा: कुणाला सांभाळलं, किती दिवस, रोज काय केलं आणि त्यातून काय शिकलात. आमच्या मैत्रिणीचं आम्ही असं लिहून काढलं:

"घरातील अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध व्यक्तीची चार वर्षे देखभाल केली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलली. ठसका लागू नये म्हणून बसवून, थोडे थोडे भरवले. अंघोळ, लघवी-शौच, कपडे पाहिले. गोळ्यांच्या वेळा वहीत लिहून ठेवल्या. ताप आला किंवा त्वचा लाल दिसली की डॉक्टरांना कळवले."

वाचून ती स्वतःच म्हणाली, "एवढं केलं होतं मी?"

नोकरीच्या अनुभवाचा वेगळा रकाना असेल तर तिथं हे घालू नका. 'इतर माहिती'त किंवा अर्जासोबतच्या पत्रात लिहा आणि 'घरातील रुग्णाची देखभाल' असंच म्हणा. वाढवून सांगू नका. दवाखान्यात शिकवल्याप्रमाणं घरच्या माणसाला इन्सुलिन दिलं असेल तर तेवढंच सांगा, 'मला इंजेक्शन देता येतं' असं म्हणू नका. कुणी पैसे घेऊन अनुभवाचा दाखला देत असेल तर त्याच्या नादी लागू नका. खोटा कागद पकडला गेला तर खरी सेवाही खोटी ठरते.

ज्यांची सेवा केली त्यांची लाज राखा. नाव लिहायची गरज नाही. माणूस हयात असेल तर त्याला विचारा. दवाखान्याचे कागद कुणी मागितले नाहीत तर देऊ नका. त्यापेक्षा तुमचं काम डोळ्यानं पाहिलेल्या डॉक्टरांचं, सिस्टरचं किंवा आशाताईचं चार ओळींचं पत्र घ्या.

मुलाखतीत 'या कामात का यायचंय?' असं विचारतातच. तिथं सगळं दुःख सांगत बसू नका, एकच प्रसंग सांगा. काय दिसलं, तुम्ही काय केलं, पुढं काय झालं. एखादी चूक झाली असेल तर तीही सांगा. आमची मैत्रीण सांगणार आहे, "सुरुवातीला मी त्यांना आडवं ठेवूनच पाणी पाजत होते. ठसका लागायचा. सिस्टरनं बसवून पाजायला शिकवलं, तेव्हापासून तसंच केलं." चूक कळली की सुधारते, अशी बाई शिकवणाऱ्याला हवीच असते.

शिक्षणात खंड का पडला, असंही विचारतील. त्यात शरमेसारखं काही नाही. 'लग्नानंतर घरात आजारपण होतं, आता वेळ देऊ शकते', एवढं एक वाक्य पुरे. पण घरी कोण बघणार, हे आधी घरच्यांशी बोलून ठेवा, म्हणजे उत्तर देताना अडखळायला होणार नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं. फी भरण्याआधी चौकशी करा. सहा महिन्यांत 'नर्स' करून देतो असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते आणि ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केल्यावरच मिळते. रुग्ण सहायकाचा कोर्स चांगला आहे, पण तो नर्सचा नाही. हळदीचे पैसे हातात आले की लगेच भरून टाकू नका. आधी मान्यतेचा कागद मागा आणि पावती घ्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक वही आणावी. घरात कुणाला सांभाळलं, काय काय केलं, ते लिहू या. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, आम्ही लिहू.