एका मुळावर किती बिऱ्हाडे?

चिकलठाणा म्हटले की विमानतळ आणि औद्योगिक वसाहत आठवते. पण तिथून जालना रस्त्याने बदनापूरकडे निघालो की काळ्या जमिनीत कपाशीबरोबर तूर दिसू लागते. बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी प्रसिद्धच आहे. आपण मात्र आज तुरीच्या मुळांकडे पाहू.

पेरणीनंतर दीड-दोन महिन्यांनी एक झाड काढा. उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. ढेकळासकट खणून पाण्यात भिजत ठेवा. मुळांवरची एखादी गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी रंग असेल तर तिथे हवेतल्या नत्राचे खत बनते आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातले एक प्रथिन हा रंग देते. पांढरट गाठीतला जीवाणू म्हणजे जागा आणि साखर घेऊन भाडे न देणारा भाडेकरू!

या गाठींत ‘रायझोबियम’ असतो असे पाठ्यपुस्तक सांगते. खरे तर तुरीच्या गाठींत बहुधा ब्रॅडीरायझोबियम असतो, हरभऱ्याच्या गाठींत मेसोरायझोबियम. शिवाय एका जातीतलेही सगळे सारखे नसतात. इंग्लंडमध्ये यॉर्क विद्यापीठाच्या आवारात, एका चौरस मीटर जागेतल्या क्लोव्हर आणि व्हेच या दोन वनस्पतींच्या गाठींतून ७२ जीवाणू वेगळे केले गेले. क्लोव्हर हा आपल्या बरसीम चाऱ्याचा भाऊबंद. व्हेच मटाराचा नातलग. या जीवाणूंच्या डीएनएचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. नाव सगळ्यांचे एकच, रायझोबियम लेग्युमिनोसारम. पण डीएनए पाहता, वेगळ्या जाती म्हणाव्यात असे पाच गट निघाले! आणि गंमत अशी, की कोणाचे कोणत्या वनस्पतीशी जमते हे त्या गटांवरून ठरत नव्हते. या जीवाणूंत गाठ बांधण्याची जनुके मुख्य गुणसूत्रावर नसतात. ती प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनएवर असतात, आणि प्लाझ्मिड एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यात खरा प्रश्न पैशाचा आहे. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम जीवाणू संवर्धक गुळाच्या पाण्यात कालवून तो चोळतो. पाकिटातला जीवाणू भरपूर नत्र देणारा म्हणून निवडलेला असतो. पण जमिनीत आधीचे रहिवासी असंख्य, तिथल्या मातीला आणि उन्हाला सरावलेले. मुळात शिरण्याच्या शर्यतीत पुष्कळदा तेच पुढे जातात, आणि शर्यत जिंकणारा नत्रही जास्त देईल असे मुळीच नाही. ज्या रानात सोयाबीन कधीच घेतले नाही तिथे त्याचे जीवाणू जवळजवळ नसतात. म्हणून तिथे पाकिटाचा गुण चटकन दिसतो. तुरीचे तसे नाही.

विद्यार्थ्यांकडून शेतातल्याच मातीच्या दोन कुंड्यांत तूर लावून घ्या, एकीत संवर्धक चोळलेले बी, दुसरीत साधे. दोन्हींतल्या गुलाबी गाठी मोजा. कोणत्या गाठीत पाकिटातला जीवाणू आहे हे मात्र डोळ्यांना कळणार नाही. त्यासाठी डीएनएच तपासावा लागतो.