जीन हर्शोल्ट : मूकपटातला खलनायक, रेडिओवरचा डॉक्टर

१९२३ चा उन्हाळा. कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत भाजून निघालेल्या जमिनीवर दोन माणसं एकमेकांच्या जिवावर उठली आहेत. मार्कस मरता मरता आपल्या एके काळच्या मित्राला स्वतःच्या हाताशी बेडीनं जखडून ठेवतो. आता मित्राजवळ सोनं आहे, मनगटाला प्रेत आहे आणि प्यायला पाण्याचा थेंब नाही. ‘ग्रीड’ या मूकपटाचा हा शेवट दिग्दर्शक एरिक फॉन स्ट्रोहाइम यांनी हट्टानं खऱ्या वाळवंटात चित्रित केला. मार्कस झालेल्या जीन हर्शोल्ट यांना त्या उन्हापायी इस्पितळ गाठावं लागलं.

हर्शोल्ट कोपनहेगनचे, जन्म १८८६ चा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते अमेरिकेत आले. मूकपटांच्या दुनियेत चेहरा आणि चाल बोलकी असली की पुरे. परदेशी उच्चार कुणाच्या कानी पडत नसत.

मग बोलपट आले आणि युरोपातून आलेल्या कित्येक नटांची सद्दी संपली. हर्शोल्ट मात्र टिकले, कारण ते नायक नव्हते, चरित्र अभिनेते होते. कथाच युरोपात घडत असेल, तर परकी बोली उलट शोभूनच दिसते. ‘ग्रँड हॉटेल’मध्ये (१९३२) ते बर्लिनच्या हॉटेलातले पोर्टर झाले : बायको प्रसूतीसाठी अडलेली, आणि हा मात्र कामावर हजर राहून पाहुण्यांची सरबराई करतोय. ‘हायडी’त (१९३७) ते आल्प्समधले आजोबा झाले.

खरं नवल पुढेच आहे. ज्या उच्चारांनी इतरांचं करिअर बुडवलं, त्याच उच्चारांत हर्शोल्ट यांनी १९३७ ते १९५४ रेडिओवर ‘डॉ. ख्रिश्चन’ साकारला. चेहरा नाही, चाल नाही, नुसता आवाज! डॉक्टरचं नाव त्यांनी आपल्या लाडक्या हान्स ख्रिश्चन अँडरसनवरून ठेवलं होतं. अँडरसनच्या कथांचं त्यांनी इंग्रजीत भाषांतरही केलं.

पडद्यामागे त्यांनी अनेक वर्षं चित्रपट कामगारांच्या मदतनिधीचं अध्यक्षपद सांभाळलं. म्हाताऱ्या, आजारी, काम सुटलेल्या सिनेमावाल्यांसाठी १९४२ मध्ये वुडलंड हिल्सला निवासस्थान उभं राहिलं, ते याच निधीतून.

१९५६ मध्ये ते गेले. ऑस्करच्या मानवतावादी कार्याच्या पुरस्काराला तेव्हापासून त्यांचं नाव आहे. ऑड्री हेपबर्न आणि एलिझाबेथ टेलर यांना तो मिळाला. ऑस्करच्या बातम्यांत हे नाव पुन्हा दिसलं, की ‘ग्रीड’चा तो शेवट जरूर पाहा.