फाइल मूळची कुठली?

‘राजा हरिश्चंद्र, १९१३’ या नावाची व्हिडिओ फाइल अनेकांच्या संग्रहात असते. पण हा चित्रपट बनवणारे दादासाहेब फाळके १९१३ मध्येच दादरहून नाशिकला आले आणि १९१७ मध्ये त्यांनी हीच कथा पुन्हा चित्रित केली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरलेली रिळे या दुसऱ्या आवृत्तीची आहेत, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. म्हणून फाइलच्या नावावरून निर्णय करू नये.

घरातल्या चित्रणालाही हेच लागू. ‘मीडियाइन्फो’ या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा. चित्राचा आकार ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम असतील, तर मूळ बहुधा आपल्याकडची कॅसेट, डीव्हीडी किंवा टीव्हीचे प्रक्षेपण. ७२० बाय ४८० असेल तर अमेरिकेतल्या नातेवाइकांचा कॅमेरा आठवून पाहा. चित्राच्या तळाशी थरथरणारी आडवी पट्टी ही कॅसेटची भरवशाची खूण. फाइलचे स्वरूप कितीदा बदलले तरी, चित्राची कडा कापलेली नसेल तर ती सहसा जात नाही. फाइलचे एक्स्टेंशन ‘व्हीओबी’ असेल तर मूळ बहुधा डीव्हीडी, ‘एमटीएस’ असेल तर हँडीकॅम.

तारखा फार फसवतात. २०१५ च्या सिंहस्थाचे चित्रण व्हॉट्सअ‍ॅपवरून आज आले, तर नावात आजची तारीख दिसते आणि कॅमेऱ्याची नोंद बहुतेक वेळा पुसलेली असते. शक्य असेल तर ज्याने चित्रण केले त्याच्याकडूनच मूळ फाइल घ्या. आणि डिजिटल प्रत झाली म्हणून कॅसेट टाकू नका. तिच्या डब्यावरचे हस्ताक्षर हाही पुरावाच आहे, त्याचा फोटो फाइलसोबत ठेवा.