कातरवेळेचे घर

पहाटे चारच्या सुमारास चंदनसारहून विरार स्थानकाकडे रिक्षा धावू लागल्या, की त्यांची घरघर ऐकून एखाद्या खोलीतला ऐंशी वर्षांचा वृद्ध अंथरुणातून उठतो, चाचपडत सदऱ्याची बटणे लावतो, आणि सुनेला आपली पत्नी समजून तिच्याजवळ डबा मागतो. नोकरी सुटून त्यास वीस वर्षे लोटली, पत्नी निवर्तल्यासही बराच काळ झाला. गाडी चुकेल ही धास्ती मात्र आजची, ताजी आहे. ‘बाबा, तुम्ही रिटायर झालात, आई आता नाहीत,’ असे त्यास सांगावे, तर पत्नीच्या मृत्यूची वार्ता तो दर पहाटे नव्याने ऐकतो. मुंबईच्या चाकरीत ज्यांची हयात गेली आणि परवडणाऱ्या घरासाठी जे विरारपर्यंत सरकत आले, त्यांच्या कुटुंबांत हा प्रसंग विरळा नाही; आणि मुलगा व सून दोघेही लोकलने निघून गेल्यावर रात्रीपर्यंत या माणसाजवळ थांबायचे कोणी, या प्रश्नाला ब्युरोतून येणारी आणि महिन्या-दोन महिन्यांनी बदलणारी बाई हे पुरेसे उत्तर नव्हे.

‘म्हातारचळ’ म्हणून आपण ज्याची बोळवण करीत आलो, तो वार्धक्याचा धर्म नसून मेंदूचा आजार आहे, हे आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्याने ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील वैद्यांच्या सभेत एका स्त्रीची हकिकत सांगून पुढे ठेवले. भारतात साठीपुढील दर शंभरांत सातांहून अधिक माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावीत व त्यांची संख्या ८८ लाखांच्या घरात जाते, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाच्या प्रकारांत सर्वांत अधिक आढळणाऱ्या अल्झायमरमध्ये, नवी आठवण जेथे रुजते त्या भागावर बहुधा पहिला घाला पडतो. म्हणून सकाळचा चहा घेतल्याचे स्मरत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीची गाडी स्मरते; आणि हातांना जडलेली सवय, म्हणजे भाजी निवडणे, वाती वळणे, धोतराच्या निऱ्या घालणे, ही तर शब्द हरवल्यावरही पुष्कळ काळ टिकते. या टिकून राहिलेल्या गोष्टींवर ज्याची उभारणी होते, ते स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे निवासगृह.

त्यास वृद्धाश्रम म्हणणे अपुरे आहे, आणि रुग्णालय म्हणणे चुकीचे. सिडनी कॅट्झ या अमेरिकन वैद्याने १९६३ साली स्वावलंबनाच्या सहा कसोट्या सांगितल्या: स्नान, वस्त्रे नेसणे, शौचास जाणे, उठून बसणे-हलणे, मलमूत्रावर ताबा, आणि स्वहस्ते जेवणे. यांतील जेवढे माणसास जमते तेवढे त्याचे त्यास करू द्यावे आणि उरलेल्यास हात द्यावा, एवढाच या निवासाचा धर्म. पण तो पाळावयाचा तर घर लहानच हवे. पन्नास माणसांना न्हाऊ घालावयाचे असले, की घड्याळ पाहावे लागते, आणि घड्याळ पाहणारा हात सदऱ्याचे बटण स्वतःच लावून टाकतो. जपानमध्ये अशा सामूहिक गृहाच्या एका एककात पाच ते नऊ माणसेच ठेवण्याचा नियम आहे, तो याच अनुभवातून आला. आपल्याकडे नेरळला डिग्निटी फाउंडेशनने ज्येष्ठांची वसाहत उभारली. आणि चंदनसारच्या माणसाला त्याहून जवळचे उदाहरण म्हणजे याच वसई तालुक्यात, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस राजोडीच्या किनाऱ्याजवळ सिल्व्हर इनिंग्ज या संस्थेने सुरू केलेले ‘ए-वन स्नेहांजली’.

सरकारी दफ्तराची गणना मात्र वेगळी आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी २००७ साली झालेल्या अधिनियमाने निर्वाहाचा अर्ज ऐकण्यास प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाचा अंमलदार दिला, ही मोलाची गोष्ट. पण निवासाची तजवीज करताना त्याने दर जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांचा आश्रम कल्पिला. दहा-बारा विस्मरणग्रस्तांचे, भाड्याच्या बंगल्यात चालणारे घर त्या कल्पनेत बसत नाही. वृद्धांच्या निवासांची नोंदणी व किमान निकष ठरवू पाहणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, परंतु ती लोकसभा विसर्जित होईतो त्यास संमती मिळाली नाही. मला हे फार लागते. कारण ज्याला स्वतःची तक्रार सांगता येत नाही, त्याच्या दाराशीच तपासनीस सर्वांत आधी पोहोचावयास हवा.

तोवर पारख कुटुंबानेच करावयाची आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटातील संस्कृतचे विद्वान शास्त्री, मोहन आगाशे यांनी उभे केलेले, हत्तीमागून चालत हरवतात, आणि त्यांस सांभाळते ती माहुताची कानडी बोलणारी बायको. त्यांचे नाव, पदव्या, ग्रंथ तिला ठाऊक नाहीत; समोरच्याला भूक लागली आहे एवढे तिला कळते. घर पाहावयास जाल तर सकाळी जाऊ नका. सकाळी फरशी पुसलेली असते आणि माणसेही शांत असतात. कातरवेळी जा. सावल्या लांबल्या, की या रोगात जिवाची घालमेल वाढते, आणि ‘मला घरी जायचंय’ म्हणत कोणीतरी पिशवी घेऊन दाराशी उभे राहतेच. तेथे काम करणारी मावशी कडी घालून वळते, की त्याच्याजवळ येते, तेवढे पाहा. एखादी म्हणेल, ‘जाऊ की बाबा, पण तुमच्या डब्याची भाजीच व्हायचीय अजून. जरा मेथी निवडून देता का?’ आणि पिशवी खुर्चीला अडकवून तो खाली बसेल, जुडी सोडील, आणि एकेक पान देठापासून नीट खुडू लागेल.