चौथ्या मजल्यावरची जमीन

चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा मालक नेमका कशाचा मालक असतो? भिंत शेजाऱ्याशी सामाईक, पायाखालची स्लॅब म्हणजे खालच्यांचं छत. उरते ती चार भिंतींमधली पोकळी, जमिनीपासून तीस-चाळीस फूट वर. ती विकता येते, गहाण टाकता येते, मुलीच्या नावावर करता येते. शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या आपल्या मुलखात हवेतल्या जागेला हद्द आणि मालक मिळाला, याचं मला अजून नवल वाटतं.

मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आशियातली पहिली गृहनिर्माण संस्था म्हणून तिचं नाव घेतात. आपल्या सोसायट्या त्याच वाटेवरच्या: जमीन-इमारत संस्थेची, सभासदाकडे शेअर आणि त्यासोबत घरावरचा हक्क. कपाटातलं शेअर सर्टिफिकेट काढून पाहा. पन्नास रुपयांचे पाच किंवा दहा शेअर. मागच्या बाजूला हस्तांतराचा तक्ता, त्यात आधीच्या मालकांची नावं, तारखा, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. कोटीच्या घरामागे अडीचशे-पाचशे रुपयांचा हा कागद उभा असतो.

१९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्टनं वेगळी वाट काढली. इथे फ्लॅट थेट तुमचा आणि जमिनीत, जिन्यात, गच्चीत तुमचा अविभक्त हिस्सा. समजा, दीड टक्का. पण तो दीड टक्का कुठला, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. मातीच्या प्रत्येक कणात तो आहे. भावाभावांत वाड्याची वाटणी मागता येते, इथे जिन्याची मागता येत नाही. सामाईक खर्चातला वाटा आणि मताचं वजन याच टक्क्यांवर ठरतं. सोसायटीत मात्र फ्लॅट लहान असो की मोठा, एका सभासदाला एकच मत. ‘आपली सोसायटी की अपार्टमेंट?’ हा पुण्यात हमखास ऐकू येणारा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

एवढ्या सुंदर रचनेत एक सांधा मात्र कच्चा राहिला. सोसायटी झाली तरी जमीन आपोआप तिच्या नावावर होत नाही. त्यासाठी बिल्डरनं कन्व्हेयन्स, म्हणजे अभिहस्तांतरण, करून द्यावं लागतं. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अ‍ॅक्टच्या नियमांनी त्याला संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांची मुदत दिली, करारात दुसरी मुदत ठरली नसेल तर. प्रत्यक्षात कितीतरी इमारतींत मुलांची लग्नं होऊन नातवंडं खेळू लागली, तरी जमीन बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्याच नावावर राहिली. कारण उघड आहे: शिल्लक एफएसआय आणि टीडीआर, म्हणजे त्या जमिनीवरच्या वाढीव बांधकामाच्या हक्कांची किंमत वर्षागणिक वाढत जाते, आणि ज्याची जमीन त्याचा त्यावर दावा.

यावर २००८ साली जी दुरुस्ती आली, ती मला या सगळ्या कायद्यांतली सर्वांत विलक्षण वाटते. मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स. सही करायला बिल्डर येत नाही? मग सोसायटीनं जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. ते बिल्डरचं म्हणणं ऐकतात, कागद तपासतात आणि प्रमाणपत्र देतात. त्याच्या बळावर दस्त एकतर्फी नोंदला जातो. न झालेली सही झाली असं कायदा मानतो!

पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९ च्या शासननिर्णयानं सोसायटीच्या एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरेशी ठरवली. पण जमीनच नावावर नसेल, तर शंभर टक्के हात वर होऊनही गाडी अडते. म्हणून पुढची सुधारणा इथेच व्हायला हवी. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं, संस्था नोंदली गेली, की मुदत संपताच शासनानं स्वतःहून जमीन तिच्या नावावर चढवावी. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानंच अर्ज घेऊन खेटे का घालायचे?

तोवर एक काम आपल्या हातात आहे. आपल्या इमारतीची मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढा आणि मालकाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते वाचा. सोसायटीचं नसेल, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत पहिला विषय तोच घ्या.