चोवीस गोलांचा व्रीट आणि सतरा वर्षांचा मुसियाला

जर्मनीतल्या तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये २०१९-२० साली बायर्न म्युनिकचा राखीव संघ विजेता ठरला. तिथे राखीव संघांना त्याहून वरच्या श्रेणीत जाऊ देत नाहीत, त्यामुळे बढती मिळाली नाही. पण वीस संघांच्या व्यावसायिक लीगमध्ये पोरांनी पहिला नंबर काढला होता. क्वासी व्रीट या त्यांच्या आघाडीवीराने २४ गोल केले. त्या मोसमात लीगमध्ये त्याच्याइतके गोल कोणाचेच नव्हते. मोसम संपत आला तेव्हा याच संघात जमाल मुसियाला हा १७ वर्षांचा मुलगा दिसू लागला. सामने मोजके, गोलही मोजकेच.

गोलांचा तक्ता समोर ठेवून विचारलं असतं, की या दोघांपैकी बायर्नच्या मुख्य संघात कोण जाणार, तर बहुतेकांनी व्रीटचं नाव घेतलं असतं. व्रीट त्याच उन्हाळ्यात नेदरलँड्समधल्या विलेम टू क्लबकडे गेला. मुसियाला २० जून २०२० रोजी फ्रायबुर्गविरुद्ध मुख्य संघाकडून मैदानात उतरला. तीन वर्षांनी, मे २०२३ मध्ये, मोसमाच्या अखेरच्या दिवशी त्याने कोलोनविरुद्ध ८९ व्या मिनिटाला गोल मारला आणि बायर्नला लीगचं विजेतेपद मिळालं. तो विजेता राखीव संघ मात्र २०२०-२१ च्या मोसमातच तिसऱ्या श्रेणीतून खाली घसरला होता.

राखीव संघातून वर येऊ पाहणाऱ्या मुलांबद्दल चाहते, समालोचक आणि कधी कधी प्रशिक्षकही ज्या खात्रीने बोलतात, ती खात्री मला खटकते. कारण त्या बोलण्यावर पोरांची करिअर घडतात आणि मोडतात.

‘एवढे गोल करतोय, मग वर घ्या की त्याला!’

हा सर्वांत मोठा गैरसमज. व्रीटचे २४ गोल खरे होते आणि तो चांगला व्यावसायिक खेळाडू आहे, यात वादच नाही. पण ते गोल करताना तो २५ वर्षांचा होता. त्या श्रेणीत जे करायचं ते पूर्ण वाढीच्या खेळाडूने करून दाखवलं होतं. मुसियाला तेच काम सतराव्या वर्षी, स्वतःपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या माणसांसमोर करत होता. राखीव संघातला कोणताही आकडा वाचताना आधी वय पाहायचं, गोल नंतर. वयाशिवाय दिलेला आकडा मला तरी निम्माच वाटतो.

दुसरी गोष्ट आकड्यात उतरतच नाही. राखीव संघांच्या सामन्यात पेनल्टी बॉक्समध्ये चेंडू मिळाला तर आघाडीवीराला अनेकदा एक टच घेऊन, वळून, मग मारायला सवड मिळते. वरच्या श्रेणीत ती सवड नसते. पहिला टच पायापासून हातभर दूर गेला, की चेंडू बचावपटूचा. म्हणून जाणकार माणूस गोलापेक्षा चेंडू येण्याआधीच्या दोन सेकंदांकडे बघतो. मुलाने खांद्यावरून मागे पाहिलं का? शरीर अर्धं वळवून उभा आहे की गोलकडे पाठ करून? पहिला टच मोकळ्या जागेत जातोय की समोरच्याच्या अंगावर? आणि चेंडू गमावल्यावर तो काय करतो? हात पसरून पंचाकडे पाहतो, की लगेच मागे धावतो? या सवयी खालच्या श्रेणीतून वर जाताना मुलाबरोबर जातात. मोकळ्या जागेत मिळालेले गोल बहुधा मागेच राहतात.

‘राखीव संघ सगळीकडे सारखेच’

नाव एक असलं तरी प्रत्येक देशात त्यामागची व्यवस्था वेगळी आहे. स्पेनमध्ये क्लबचा दुसरा संघ नेहमीच्या लीगच्या उतरंडीतच खेळतो, फक्त मुख्य संघाच्या श्रेणीत त्याला जाता येत नाही. समोर असतात गावोगावचे क्लब आणि त्यांतले पोट भरण्यासाठी खेळणारे तिशीतले बचावपटू. रेआल माद्रिदचा दुसरा संघ कास्तिया १९८० साली थेट स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला होता. समोर खुद्द रेआल माद्रिद होता आणि कास्तिया १-६ ने हरला, पण त्या पोरांनी वाटेत मोठ्यांशी झुंजत अंतिम फेरी गाठली होती.

बार्सिलोनाचं उदाहरण तर त्याहून बोलकं आहे. २००७-०८ साली त्यांचा दुसरा संघ चौथ्या श्रेणीत होता. प्रशिक्षक होता पेप ग्वार्दिओला आणि संघात होते सर्जिओ बुस्केट्स आणि पेद्रो. चौथ्या श्रेणीची मैदानं, चौथ्या श्रेणीचा धसमुसळेपणा. ११ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्गला विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा हे दोघेही स्पेनच्या पहिल्या अकरांत होते. बुस्केट्सकडे ना वेग होता, ना उडी, ना गोलांची यादी. चेंडू येण्याआधीच तो पुढे कुठे द्यायचा हे त्याला ठाऊक असायचं, आणि चौथ्या श्रेणीतही ते दिसत होतं. पाहणारा हवा होता.

इंग्लंडमध्ये क्लबांची पोरं प्रामुख्याने एकमेकांशी, वयाच्या चौकटीत खेळतात. तिथलं तंत्र उत्तम असतं, मैदानं गालिच्यासारखी असतात, पण हरल्यावर कोणाची नोकरी जात नाही आणि शिव्या घालायला स्टँडमध्ये पंधरा हजार माणसं नसतात. २०१६ पासून या तरुण संघांना खालच्या श्रेणीतल्या क्लबांच्या चषक स्पर्धेत प्रवेश मिळाला, तो हीच उणीव भरून काढायला. तेव्हा इंग्लंडमधल्या राखीव सामन्यातला गोल आणि स्पेनच्या तिसऱ्या श्रेणीतला गोल एका मापाने मोजू नयेत.

‘पहिल्याच सामन्यात कळतं’

मँचेस्टर युनायटेडच्या दोन पोरांच्या पदार्पणाची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून पाहा. फेदेरिको माकेदाने मार्च २००९ च्या अखेरीस राखीव संघाकडून न्यूकॅसलविरुद्ध हॅटट्रिक केली. आठवड्याच्या आत, ५ एप्रिलला, तो ॲस्टन व्हिलाविरुद्ध मुख्य संघाकडून बदली खेळाडू म्हणून उतरला. वय १७. भरपाईच्या वेळेत त्याने वळून मारलेल्या गोलने युनायटेड ३-२ ने जिंकलं. पुढच्या लीग सामन्यात संडरलंडविरुद्धही विजयी गोल त्याचाच.

मार्कस रॅशफर्ड २५ फेब्रुवारी २०१६ रोजी डेन्मार्कच्या मिट्युलँडविरुद्ध उतरला, तोही सामन्याआधीच्या सरावात अँथनी मार्सिआल जखमी झाला म्हणून. वय १८. दोन गोल. तीन दिवसांनी आर्सेनलविरुद्ध आणखी दोन.

या दोन आठवड्यांत फरक काढायला बसलात तर हाती फारसं काही लागत नाही. दोघेही कोवळे, दोघेही धीट, दोघांच्याही गोलांनी ओल्ड ट्रॅफर्ड हादरलेलं. पुढे रॅशफर्डने युनायटेडसाठी शंभराहून अधिक गोल केले. माकेदा इटली, इंग्लंड, जर्मनीतल्या क्लबांकडे लोनवर फिरत राहिला आणि २०१४ साली युनायटेड सोडून गेला. पदार्पणाच्या दिवशी समोरच्या बचावफळीला पोरगा माहीत नसतो. दहाव्या-पंधराव्या सामन्यापर्यंत त्याचा अभ्यास झालेला असतो. तो कोणत्या पायावर वळतो, कुठे धावतो, कशाने चिडतो, सगळं. खरी परीक्षा तिथून सुरू होते, आणि तोवर पोराला सलग खेळायला मिळालं पाहिजे. मार्सिआल सरावात धडधाकट राहिला असता तर रॅशफर्ड त्या रात्री बाकावरच बसला असता. मुलाच्या गुणांबरोबर वर कोणती जागा कधी रिकामी होते, हेही त्याचं भवितव्य ठरवतं, आणि ते त्याच्या हातात नसतं.

मनाचा भागही इथेच येतो. बार्सिलोनाचा बोयान क्रकिच लहान गटांत शेकडो गोल करून आला आणि २००७-०८ च्या पहिल्याच लीग मोसमात त्याने १० गोल केले. कागदावर याहून सुंदर सुरुवात काय असणार? पण त्या काळात आपल्याला चिंतेचे झटके येत होते, हे त्याने पुढे अनेक वर्षांनी स्वतः सांगितलं. तेव्हा बाहेरचे लोक त्याच्या वागण्याचे वेगळेच अर्थ लावत होते. सतरा वर्षांच्या मुलाला ‘पुढचा मेस्सी’ म्हणताना आपण त्याच्या खांद्यावर काय ठेवतो, याचा विचार करायला हवा.

‘लोनवर पाठवला म्हणजे क्लबला नकोसा झाला’

डेव्हिड बेकहॅम १९९५ साली प्रेस्टनला लोनवर गेला होता. हॅरी केन तर लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच आणि लेस्टर असे चार क्लब फिरला. २०१३ साली लेस्टर वॉटफर्डविरुद्ध बढतीसाठी खेळत असताना केन आणि जेमी वार्डी शेजारी शेजारी बाकावर बसलेले आहेत, असं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. २०१४-१५ मध्ये केनने प्रीमियर लीगमध्ये २१ गोल केले. पुढच्या वर्षी वार्डी लेस्टरबरोबर इंग्लंडचा विजेता झाला. त्या बाकाकडे पाहून हे भविष्य कोणीही सांगितलं नसतं.

तरी लोन म्हणजे हमखास प्रगती, असंही मानू नये. चेल्सीच्या पॅट्रिक बॅमफर्डने २०१४-१५ साली मिडल्सब्रोकडून इतका छान खेळ केला की दुसऱ्या श्रेणीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला. पुढे क्रिस्टल पॅलेस, नॉर्विच, बर्नली या तीन क्लबांकडे लोनवर असताना लीगमध्ये त्याचा एकही गोल नाही. चेल्सीच्या मुख्य संघाकडून तो कधीच खेळला नाही. मग २०२०-२१ मध्ये लीड्सकडून प्रीमियर लीगमध्ये १७ गोल. पोरगा तोच होता. फरक पडला तो प्रशिक्षकाचा त्याच्यावर विश्वास होता का, खेळण्याची पद्धत त्याला मानवत होती का आणि मैदानावर किती मिनिटं मिळत होती, याचा.

‘अंगाने भरलेला आहे, टिकेल’

वयोगटाच्या एकाच वर्षात १ जानेवारीला जन्मलेला आणि ३१ डिसेंबरला जन्मलेला मुलगा बरोबरीचे धरले जातात. बाराव्या-तेराव्या वर्षी हा वर्षभराचा फरक प्रचंड असतो, आणि अकादम्यांमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांची संख्या जास्त असते, हे अनेक देशांत आढळलेलं आहे. आडदांड मुलाला तंत्र शिकायची गरजच पडत नाही. राखीव संघात सगळ्यांची उंची सारखी झाली की त्याचा जोर संपतो. अंतोआन ग्रिझमानला अंगकाठी लहान म्हणून फ्रान्समधल्या अकादम्यांनी नाकारलं आणि तो स्पेनला गेला. एन्गोलो कांते बूलोनच्या राखीव संघातून वर आला. नंतर त्याने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं, दोन वेगवेगळ्या क्लबांबरोबर इंग्लिश लीग जिंकली, आणि २०१८ मध्ये विश्वचषकही.

‘तळाला राहिलेला संघ म्हणजे फसलेला प्रयोग’

हे आपल्या देशातलं. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याच मुलांना घेऊन इंडियन ॲरोज हा संघ आय-लीगमध्ये उतरवला. परदेशी खेळाडू नाहीत, अनुभवी माणसं नाहीत, समोर पूर्ण वाढीचे व्यावसायिक. पहिल्या सामन्यात गोव्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० ने हरवलं आणि त्यांतले दोन गोल कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे होते. मोसमाच्या शेवटी दहा संघांत ॲरोज दहावे आले. तेव्हा ‘पोरांना मार खायला कशाला पाठवता’ हा सूर निघालाच.

पण त्या मार खाणाऱ्या संघातून सुरेश सिंग वांगजाम, अन्वर अली, रहीम अली भारताच्या वरिष्ठ संघात पोचले. अनिकेत जमशेदपूरकडून खेळला आणि २०२१-२२ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात होता. ॲरोजचा गुणतक्ता पाहून यांतलं काहीच कळलं नसतं. त्या मुलांना सतरा-अठराव्या वर्षी मोठ्या माणसांसमोर १८ सामन्यांचा पूर्ण मोसम मिळाला, आणि माझ्या मते त्यांना सर्वाधिक गरज त्याचीच होती.

कोल्हापुरात हे वेगळं सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाकडून उतरणाऱ्या पोराला पहिल्या दिवसापासून थोराड माणसांचे टॅकल सोसावे लागतात, आणि गच्च भरलेली प्रेक्षागृहं त्याचं वय विचारत नाहीत. ॲरोज मात्र २०२२ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी गोव्यातून रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग सुरू झाली. तिथे क्लबांच्या तरुण संघांना सामने मिळतात, आणि ते मिळालेच पाहिजेत. पण समोर बहुतेक बरोबरीचीच पोरं असतात. या लीगमधली सर्वाधिक गोल करणाऱ्यांची यादी हाती घेऊन क्लब त्यांतल्या कोणाला उचलतील, तेव्हा त्यांनी प्रत्येक नावासमोर मुलाचं वय लिहावं, आणि वरच्या संघात त्याला पुढच्या मोसमात किती मिनिटं देणार आहोत, तो आकडाही लिहावा. तो दुसरा आकडा शून्य असेल, तर त्या मुलाला तसं स्पष्ट सांगून जिथे खेळायला मिळेल अशा क्लबकडे जाऊ द्यावं.